छोट्या व्यवसायाची वेबसाइट हलकी कशी करावी

वेबसाइट उघडली की वीज तीन ठिकाणी लागते: सर्व्हरवर (साइट ठेवलेल्या संगणकावर), मधल्या नेटवर्कमध्ये आणि बघणाऱ्याच्या फोनमध्ये. आपल्याकडे अजूनही बहुतेक वीज कोळशाची, म्हणजे प्रत्येक भेटीमागे थोडा कार्बन हवेत जातो. छोट्या व्यावसायिकाने कार्बनच्या हिशोबात फार खोल शिरण्याचं कारण नाही. पानाचं वजन (पान उघडताना किती केबी-एमबी डेटा उतरतो ते) कमी करायचं, एवढं एकच धरून चाललं तरी बरंचसं काम होतं. शिवाय रेंज जेमतेम असलेल्या गिऱ्हाइकालाही भाव पटकन दिसतो.

उदाहरणादाखल देवगडचा एक आंबा बागायतदार घेऊ, जो पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतो.

१. आधी वजन करा. संगणकावर क्रोममध्ये साइट उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’वर जा, ‘डिसेबल कॅशे’वर खूण करा (म्हणजे आधीचं साठवलेलं न वापरता सगळं नव्याने उतरतं) आणि पान पुन्हा लोड करा. एकूण किती माल उतरला ते खाली दिसतं. यादी आकाराप्रमाणे लावली की चोर वरच सापडतात. आजकालची पानं सर्रास २ एमबीच्या पुढे जातात. आंबेवाल्याला ५०० केबी पुष्कळ झाले.

२. फोटो आवरा. सगळ्यात जास्त वजन इथेच असतं. फोनवर काढलेला फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद आणि ३-४ एमबीचा असतो, आणि तोच जसाच्या तसा चढवला जातो. १२०० पिक्सेल पुरतात. ‘स्क्वूश’ हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं: फोटो टाका, रुंदी १२०० करा, फॉरमॅट वेबपी (फोटोचा हलका प्रकार) आणि क्वालिटी ७५ ठेवा. बहुतेक फोटो १००-२०० केबीत बसतात. पेंढ्यात मांडलेल्या पेटीचा फोटो मात्र हट्टी निघतो. काडी न् काडी म्हणजे बारीक तपशील, त्याने फाइल फुगते. तोच आंबा साध्या पाटावर ठेवून काढला तर फाइल बरीच लहान होते आणि देठाजवळचा केशरी रंगही उठून दिसतो. पेटीचा एक फोटो ठेवा, सहा नकोत.

आपोआप सरकणारा स्लायडर काढून टाका. दुसऱ्या चित्रापर्यंत क्वचितच कुणी थांबतं. बागेवरून ड्रोन फिरवलेला व्हिडिओ पान उघडताच सुरू होत असेल तर तोही. यूट्यूबची चौकट नुसती बसवली तरी प्ले दाबण्याआधीच शेकडो केबी उतरतात. तिच्या जागी एक फोटो आणि त्यावर लिंक द्या. नकाशाचंही तसंच.

३. अक्षरांकडे बघा. हा मुद्दा खास मराठी साइटचा, आणि बनवणारे नेमका तोच विसरतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते. ठळक आणि बारीक असे तीन-चार प्रकार घेतले की फोटोंची केलेली बचत तिथेच जाते. अँड्रॉइडमध्ये नोटो, विंडोजमध्ये निर्मला, ॲपलमध्ये कोहिनूर हे देवनागरी फॉन्ट मुळातच असतात. ‘सिस्टिम फॉन्टच वापर’ असं साइट करणाऱ्याला सांगा. वेगळं वळण हवंच असेल तर फक्त मथळ्याला, एकाच जाडीत.

दुसरी सवय म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरवलेलं भावपत्रक चित्र म्हणून साइटवर चिकटवणं. ते जड असतं, मोबाइलवर वाचता येत नाही, भाव बदलला की नवं चित्र करावं लागतं, आणि अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला त्यातलं काही कळत नाही. डझनाचा आणि पेटीचा भाव मजकूर म्हणून टाइप करा. सगळा तक्ता दोन-तीन केबीत मावतो.

४. यंत्रणा साधी ठेवा. भाव, बाग, ऑर्डर, संपर्क अशा चार पानांना डेटाबेस (माहितीचा वेगळा साठा) लागत नाही. स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली पानं पुरतात. भाव रोज घरातलाच कुणी बदलणार म्हणून वर्डप्रेस (पानं स्वतः बदलता येणारी तयार यंत्रणा) हवं असेल तर खुशाल घ्या, पण कॅशिंग (एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा देणं) चालू करा आणि न वापरलेले प्लगिन (वरून जोडलेल्या सोयी) काढा. कोपऱ्यात उड्या मारणाऱ्या चॅटच्या फुग्याऐवजी व्हॉट्सॲपची साधी लिंक द्या.

५. होस्टिंग, म्हणजे साइट कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची ते, सर्वांत शेवटी. ग्रीन वेब फाउंडेशनच्या साइटवर आपला पत्ता टाकला की होस्टने हरित विजेचा पुरावा दिला आहे का ते कळतं. असा होस्ट मिळाला तर उत्तम. पण ४ एमबीचं पान पवनचक्कीच्या विजेवर ठेवलं, तरी वाटेतला टॉवर आणि गिऱ्हाइकाचा फोन नेहमीच्याच विजेवर चालतात. म्हणून आधीच्या चार पायऱ्या सोडून इथून सुरुवात करू नये.

कार्बन मोजून देणाऱ्या साइट मिळतात, पण त्यांची गृहीतकं वेगवेगळी, त्यामुळे एकाच पानाचे ग्रॅमही वेगवेगळे येतात. तळाशी पाटी लावायची हौस असेल तर पानाचं केबीतलं वजन लिहा. ते गिऱ्हाइकाला स्वतः ताडून बघता येतं.