फेऱ्यांच्या प्रकल्पाची तयारी : आधी हजेरीपट, शिट्टी शेवटी

मुलांनी रोज मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि त्याच आकड्यांवर वर्गात गणित आणि लेखन करायचं, असा मैदानावरचा प्रकल्प घ्यायचा म्हटलं की आपण शिक्षक आधी शिट्टी, फक्की आणि सुतळी शोधायला लागतो. मीही तेच करायचो. पहिल्या वर्षी तिसरी-चौथीच्या मुलांना रोज फेऱ्या मारायला लावल्या, भिंतीवर नावांचा तक्ता लावला, आणि दोन आठवड्यांत तक्त्यातल्या शेवटच्या चार नावांचं रोज सकाळी पोट दुखू लागलं. तेव्हापासून क्रम बदलला. आता हजेरीपट आधी, मैदान नंतर.

म्हणून प्रकल्प सुरू करण्याच्या साधारण दोन आठवडे आधी एका संध्याकाळी हजेरीपट घेऊन बसा. एकेका नावापुढे एकच गोष्ट लिहा : हे मूल सध्या नेमकं कुठे अडलंय. ‘गणित कच्चं’ असं लिहून काही हाती लागत नाही. माझ्या यादीत एक मुलगी एकशे सात हे १००७ असं लिहायची. एकाला हातच्याची वजाबाकी दिसली की पेन्सिल तोंडात जायची. एकजण पळायला सगळ्यांच्या पुढे, पण दोन ओळी सलग लिहायला तयार नाही. आणि एक मुलगी पुस्तकातली सगळी गणितं सोडवून खिडकीबाहेर बघत बसायची. ही यादी झाली की निम्मी तयारी झाली. मैदान सगळ्यांचं एकच असलं तरी तिथून प्रत्येकजण आपापला आकडा घेऊन वर्गात येतो, आणि पुस्तकातल्या आंब्यांपेक्षा स्वतःच्या फेऱ्यांचा हिशेब मूल जास्त मनावर घेतं.

मग त्या यादीवरूनच कामं ठरवा. १००७ लिहिणारीला दोरीउड्या मोजायला द्या, दहा उड्यांना एक चिंचोका. दहा चिंचोके झाले की शतक, वर राहिलेल्या सात उड्या एककाच्या घरात, मधलं घर रिकामं. ते रिकामं घर तिला चौकटीच्या वहीत स्वतः शून्याने भरावं लागतं. वजाबाकीवाल्याने काल ७ फेऱ्या मारल्या, आज ९. मैदानाची एक फेरी ८० मीटर असेल तर ७२० वजा ५६०, आणि हातचा घेतल्याशिवाय सुटका नाही. पळणाऱ्याने रोज फक्त दोन वाक्यं लिहायची : आज कुठल्या फेरीला दम लागला आणि तेव्हा काय केलं. शुद्धलेखन पहिला आठवडाभर तपासू नका. खिडकीबाहेर बघणारीला वर्गाची सरासरी आणि नकाशा द्या, त्याबद्दल पुढे सांगतो.

कल्पना काही माझी नाही. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ मध्ये रोज पंधरा मिनिटं मुलांना बाहेर चालायला-पळायला न्यायला सुरुवात केली. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचं. तोच ‘डेली माइल’ पुढे अनेक देशांत पोचला. आपण त्यातलं ‘शर्यत नाही’ एवढं जरी नीट पाळलं तरी पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते, त्यातली पंधरा शाळेच्या खात्यावर पडली तर वाईट नाही.

मैदान मुलांकडूनच मोजून घ्या. गावातल्या गवंड्याकडे लांब टेप असतो, एक दिवस मागून आणा. आमचं मैदान २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद. परिमिती ८० मीटर निघाली आणि चौथीचा एक घटक त्यातच उरकला. टेप मिळाला नाही तर सुतळीला दर मीटरवर गाठ मारा, तीही पुरते. कोपऱ्यांवर दगड, कडेने फक्की. पाऊस उघडून जमीन टणक झाल्याशिवाय सुरू करू नका, आणि मार्चच्या मध्यानंतर उन्हामुळे ओढाताण होते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे महिने सोयीचे, पण ऊसतोडीच्या पट्ट्यात नेमकी तेव्हाच काही मुलं आईबापांबरोबर गेलेली असतात. त्यांची पानं वहीत कोरी ठेवा. परत आली की ती पहिल्या दिवसापासून सुरू करतील, वर्ग कुठेही पोचलेला असो. प्रत्येकाचा आकडा वेगळा असल्याचा हा मोठा फायदा : उशिरा आलेलं मूल मागे पडत नाही.

सराटे! आदल्या दिवशी मैदान झाडा आणि मग अनवाणी मुलं जिथे पळणार तिथे स्वतः वाकून बघा. निम्मी मुलं चप्पल काढूनच पळतात, आणि सराटा टाचेत रुतला की तो दिवस गेला. काचा असतातच, विशेषतः कुंपणाच्या कडेला.

तब्येतीची माहिती पालकांना तोंडीच विचारा, फॉर्म पाठवून भागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन गेलं असेल तर त्यांच्या नोंदी मुख्याध्यापकांकडे मिळतील, त्या वाचा. दमा, हृदयाचा त्रास, झटके. विदर्भात आणि नंदुरबार-पालघरकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चौकशी आवर्जून करा : अशा मुलाला जास्त श्रम झाले, अंगातलं पाणी कमी झालं की वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याने डॉक्टरांना विचारूनच भाग घ्यायचा, तोही हळू चालत, मध्ये मध्ये थांबून पाणी पीत. पाण्याचं पिंप मैदानाच्या कडेलाच ठेवा. वर्गात ठेवलं तर कोणी पीत नाही.

दिव्यांग मुलाला फेऱ्या मोजायचे चिंचोके वाटायला बसवू नका. आपण चांगल्या मनाने करतो, पण सगळे पळत असताना तो कारकून होतो. पाय साथ देत नसतील तर टोपलीत चेंडू टाकण्याचा त्याचा स्वतःचा आकडा असू द्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेषतज्ज्ञांना आधी फोन करा, ते त्याला जमेल असं आणखी काही सुचवतात.

वेळ परिपाठानंतर लगेचची. खिचडीनंतर मुळीच नको. पहिले तीन दिवस कसलंही उद्दिष्ट देऊ नका, नुसतं मोजा. तीन आकड्यांतला मधला धरा : ६, ९, ७ आले तर ७. तिथून पुढे किती वाढवायचं ते मूल सांगेल. फार मोठा आकडा सांगणारे असतात, त्यांना आठवड्याला एकच फेरी वाढवता येईल असा नियम ठेवा. नाडी मोजणं या वयात नीट जमत नाही, त्यापेक्षा बोलून बघायला शिकवा. चालता-पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा. खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांमध्ये नऊ वर्षांपासून पुढच्या मुलांना ६०० मीटर धाव असते. ती वर्षातून एकदा-दोनदा घ्यायची गोष्ट आहे, रोजच्या फेऱ्यांना तिचं रूप देऊ नका.

वह्या प्रत्येकाला वेगळ्या, पातळ, चौकटीच्या. भिंतीवर नावांचा तक्ता नको म्हणजे नकोच. भिंतीवर हवा तो नकाशा, आणि त्यावर पूर्ण वर्गाची मिळून एकच रेघ. आमच्या मुलांनी आळंदी ते पंढरपूर ही पालखीची वाट निवडली, सुमारे २५० किलोमीटर. तुमच्या वर्गाला कोकण रेल्वेचा मार्ग घ्यावासा वाटेल किंवा गोदावरीचा काठ, निवड मुलांनीच करावी. चोवीस मुलांनी सरासरी १० फेऱ्या मारल्या तर दिवसाला १९ किलोमीटर २०० मीटर होतात. तेरा दिवसांत २४९ किलोमीटर ६०० मीटर. पंढरपूर चारशे मीटरवर राहिलं हे त्या खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीनेच काढलं, आणि त्या दिवशी ‘सर, अजून पाच फेऱ्या’ म्हणून वर्ग आत यायलाच तयार नव्हता. चार फेऱ्यांची नोंद करणारं मूलही त्या रेघेत ३२० मीटर घालतं, हे एकदा मोठ्याने सांगा. दोनदा सांगायची गरज पडत नाही.

आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदीसाठी आत्ताच एक पान राखून ठेवा. ‘खेळात आवडीने भाग घेतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी चाळीस चाळीस मुलांपुढे लिहिलंय. त्याऐवजी ‘७ फेऱ्यांवरून ११ वर, हातच्याची तीन अंकी वजाबाकी स्वतः करतो’ असं लिहिता येतं, कारण पुरावा वहीत असतो. पालकसभेतही प्रत्येकाची वही त्याच्याच आईच्या हातात द्या, शेजारच्या मुलाचा आकडा सांगू नका. विचारणारे विचारतातच.

आता सामान. मोबाइलचं स्टॉपवॉच, सुताच्या दोऱ्या (मधोमध पाय ठेवून उभं राहिल्यावर दोन्ही टोकं काखेपर्यंत यावीत), प्रथमोपचार पेटी, ओआरएसची पाकिटं, एक परात. परातीत चिंचोके ठेवायचे, दर फेरीला मूल येता-जाता एक उचलतं आणि शेवटी खिशातले मोजून वहीत लिहितं. दोन उचलणारे पहिले दोन-तीन दिवस सापडतील. नंबर काढलाच जात नाही हे कळलं की ते आपोआप थांबतात. चोवीस मुलांना तीनशे चिंचोके पुरायला हवेत, तरी चारशे गोळा करा. शंभरेक भाजून खाल्ले जातात.