कृषिदूतांनो, अहवाल लिहिताना या चुका टाळा

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात कृषिदूत म्हणून गावात राहून आलेले ज्युनिअर आपले अहवाल वाचायला माझ्याकडे देतात. बाइंडिंग झकास, वर सोनेरी अक्षरं. आत बीजप्रक्रियेचे, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळण्याचे, फायदे आठ पानं आणि त्या सकाळी शिवारात काय घडलं ते दोन ओळी. फायदे पुस्तकातही आहेत की!

"प्रात्यक्षिक यशस्वीरीत्या पार पडले"

हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. आम्हीही ते लिहिलं होतं, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाच्या पानावर. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दाखवण्यापुरतं आम्ही दहा लिटरचं केलं, दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम. चुना मात्र दुकानात उघड्यावर पडून भुकटी झालेला, म्हणजे जोर गेलेला. दोन्ही द्रावणं प्लास्टिकच्या तिसऱ्या बादलीत एकदम ओतली, छान आकाशी रंग आला, फोटो निघाले, टाळ्याही झाल्या.

बाग ज्यांची होती ते काका काही न बोलता घरात गेले आणि घासलेला विळा घेऊन आले. बादलीत बुडवून वर काढला तर पात्यावर तांबूस थर. "हे माझ्या झाडांवर मारणार होय रे पोरांनो?" मोकळं तांबं शिल्लक होतं, कोवळी पानं करपली असती. मग चुन्याची निवळी थोडी थोडी घालत गेलो. तिसऱ्या खेपेला विळा स्वच्छ निघाला.

तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला: चुना कमी पडला हे कसं ओळखाल? उत्तर तर तोंडावर होतं. सरांनी अहवालाची पानं उलटली आणि विचारलं, "मग हे इथं का नाही?" सगळे खाली बघत बसलो.

काय करायला गेलो, काय बिनसलं, कशावरून कळलं, मग काय केलं. एवढं चार-पाच वाक्यांत लिहा. मार्क कापले जातील ही भीती मला तरी फुकाची वाटते. परीक्षकांनी तो विळा कधी ना कधी पाहिलेला असतो.

डायरी शेवटच्या आठवड्यात भरणं

मग जुन्या बॅचचा अहवाल समोर येतो आणि कुठेतरी त्यांच्या गावाचं नाव तसंच राहून जातं. आधीच उशीर झाला असेल तर फोनमधले फोटो काढा, त्यांवर तारीख-वेळ असते. गटाचं व्हॉट्सॲप चाळा. शेतकऱ्याला फोन लावा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असतं. तरीही न आठवलेल्या गोष्टीपुढे सरळ 'आठवणीवरून' असं लिहा, पण आकडा रचू नका.

आकड्यावरून आठवलं. सोयाबीनच्या उगवण चाचणीखाली हमखास "उगवण चांगली आढळली" असं असतं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवले होते ना? मग कोंब किती दाण्यांना आले? बियाण्याची किमान उगवण 70 टक्के धरतात. 64 आली तर एकरी बियाणं वाढवावं लागतं, 75 आली तर नाही. 'चांगली' या शब्दावर कुणी पेरणी करत नाही.

बारीकसारीक, पण नडणारं

प्रत्येक वाक्यात "आम्ही" नको. बी कोणी मोजलं, शेतकऱ्याशी कोण बोललं, तेही येऊ द्या. फोटोत बॅनर मधोमध आणि शेतकरी कडेला अर्धा कापलेला, असे फोटो सरळ गाळा.

गावाला काहीच न सांगता परतणं

कॉलेजात सादरीकरण झालं की विषय संपला असं वाटतं. मातीचे नमुने मात्र तुम्ही त्या लोकांच्या रानातून नेलेले असतात. व्ही आकाराचा खड्डा, वीसेक सेंटिमीटर खोली, गोळा केलेल्या मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देणं, सगळं नीट करता. आणि तपासणीचा कागद त्यांच्या हाती पडतो तो खताचे हप्ते देऊन झाल्यावर, किंवा तुमच्या अहवालाच्या परिशिष्टातच राहतो. प्रयोगशाळेतून निकाल आला की त्याच दिवशी फोटो पाठवा आणि फोन करून स्फुरद (फॉस्फरस) कमी आहे की जास्त ते सोप्या शब्दांत सांगा. ते काय म्हणाले तेही डायरीत उतरवा.