घरात भरलेल्या कापसाला आग कशी धरते, आणि तेव्हा काय करायचं

दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू होते आणि भाव चढेल या आशेवर परभणी, बीड, जालन्याकडे कितीतरी घरांत कापसाचा ढीग पार गुढीपाडव्यापर्यंत पडून राहतो. ‘घरात कापूस ठेवूच नका’ असं सांगणं सोपं आहे, पण गोदाम नसलेल्याने माल ठेवायचा कुठे? म्हणून ढीग घरातच आहे असं धरून चालू.

कापूस साधारण ४०० अंश सेल्सिअसला पेट घेतो. विडीचं जळतं टोक ६०० च्या पुढे असतं, म्हणजे ज्वाळा लागतच नाही, ठिणगी पुरते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि कापसाला जळत राहायला १८-१९ टक्केही पुरतो. त्यात ढिगाच्या पोटात हवाच हवा. त्यामुळे एकाच ढिगात दोन तऱ्हेच्या आगी लागतात. एक वरच्या फुसूवरून, म्हणजे मोकळ्या तंतूंवरून, सरसर पळते, ती डोळ्यांना दिसते. दुसरी आत उतरते आणि ज्वाळेशिवाय धुमसत राहते. संध्याकाळी पडलेलं थोटूक मध्यरात्रीनंतर भडका घेतं ते या दुसरीमुळे. धुमसताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस त्याने जागाच होत नाही. कापसाच्या खोलीत कुणालाही झोपवू नका, राखणीला म्हणूनसुद्धा नाही.

विडीएवढाच धोका सैल वायरचा. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर करंट ओढतो. सॉकेटमधला स्क्रू ढिला होऊन तिथे नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी त्या एका टोकावर २१ वॅट उष्णता तयार होते, जवळजवळ सोल्डरिंग आयर्नएवढी. करंट वाढलेला नसतो, म्हणून एमसीबी (करंट वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. एमसीबी बसवला म्हणून निर्धास्त राहू नका, बोर्डाला हात लावून बघा. बोर्ड कोमट लागला, पिवळा पडला किंवा जळका वास आला तर मेन बंद करून स्क्रू आवळून घ्या, काळवंडलेलं टोक कापून नवं सोलून जोडा. फ्यूजला जाड तार बांधायची सवय असेल तर आजच सोडा. ढीग बोर्डापासून किमान १ मीटर लांब, छताखाली दोन फूट जागा मोकळी, आणि दारापर्यंतची वाट कधीच झाकलेली नको. खोलीत एलईडी दिवा लावा. जुना पिवळा बल्ब कापसात बुडाला की त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि काचेला टेकलेला कापूस करपून पेटतो.

एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. करडई आणि जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं आणि सुकताना गरम होतं. अशा तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. चिंधी दोरीवर पसरून वाळवा, बोळा नको.

आग भडकल्यावर घर कसं आहे त्यावर वेळ ठरतो. गरम धूर आधी छताला साचतो, मग त्याचा थर खाली उतरतो. त्या थराचं तापमान ५०० ते ६०० अंशांवर गेलं की त्याच्या धगीने खोलीतलं सगळं एकदम पेटतं. फोमची गादी, प्लास्टिकच्या खुर्च्या असलेल्या खोलीत हे चार-पाच मिनिटांतही होतं. दार ओढून घेतलं तर हवा तुटते आणि बाकी घराला मिनिटं मिळतात. पत्र्याखालचे लोखंडी अँगल साधारण ५५० अंशांना निम्मी ताकद गमावून वाकतात. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, जाड लाकडी तुळई त्या मानाने बरी, ती मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आत कोळसत जाते. पण वरच्या मातीचं वजन विसरू नका. आग विझल्यावरही माळवदाखाली जाऊ नये.

आता आग लागलीच तर. आधी माणसं बाहेर, मग मेन स्विच बंद, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन. जनावरं सोडायला एकाला पाठवा, सगळ्यांनी धावू नका. आग बादलीएवढीच असेल आणि दार तुमच्या पाठीमागे असेल, तरच विझवायला थांबा. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, नुसतं पाणी त्यावरून ओघळून जातं. १५ लिटरच्या बादलीत मूठभर कपडे धुण्याची पावडर कालवा, मग ते पाणी आत झिरपतं. जोरात फेकू नका, पेटता फुसू उडून दुसरीकडे पडतो, तांब्याने शिंपडा. पावडरचं अग्निशामक वरची ज्वाळा दाबतं, पण आतल्या धगीपर्यंत पोचत नाही, म्हणून इथे आमची पसंती बादलीलाच. खोलीत धूर कंबरेपर्यंत उतरला की सगळं सोडून वाकून बाहेर पडा.

ज्वाळा गेली तरी ढीग घरात उकरू नका, आत हवा शिरते आणि पुन्हा भडका उडतो. आधी भरपूर भिजवा, मग अग्निशमनवाल्यांच्या मदतीने घर, गोठा आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, उघड्यावर नेऊन पातळ पसरा. तो कापूस चार-पाच दिवस तरी घरात आणू नका. रोज दोनदा लोखंडी सळई वेगवेगळ्या जागी खुपसून पाच मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर ती हाताला सोसवत नसेल, तर तिथे अजून धुमसतंय. तेवढा भाग बाजूला काढून पुन्हा साबणाच्या पाण्याने भिजवा.