वसईहून नाशिकरोडची बाळ येशू यात्रा: एका दिवसाचं गणित

या यात्रेत सगळं मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य प्रार्थनाविधीच्या, वेळेवर बेतलेलं असतं. म्हणून आधी नेहरूनगरच्या बाळ येशू मंदिरात फोन करून त्या दिवसाच्या मिस्साची वेळ आणि भाषा विचारा, मगच बस ठरवा. गट मोठा असेल आणि सोबत आपलेच फादर मिस्सा करणार असतील, तर वेळ आधीच मागून घ्या. बाळ येशूच्या नोव्हेनाचा, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेचा, वार गुरुवार. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी सण असतो, पण म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर ते दोन दिवस टाळलेलेच बरे. बस लांब उभी करून गर्दीतून चालावं लागतं.

मिस्सा अकराला धरा. वसईतून पहाटे पाचला निघायचं. चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता खड्ड्यांचा, तिथे अर्धा तास सहज जातो. पुढे आमण्याला समृद्धीवर चढून इगतपुरीला उतरलात तर कसारा घाट टळतो. गाडी लागणाऱ्यांसाठी जादा टोल परवडतो.

नाश्ता घोटीला, साडेआठच्या सुमारास. इथेच बरेच गट चुकतात: उशीर झाला की लोक बसमध्ये डबे उघडतात. मिस्सात ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर स्वीकारण्याआधी, म्हणजे कोम्युनिओआधी, एक तास उपवास असतो. तो तास मिस्सा सुरू होण्यापासून नव्हे, कोम्युनिओपासून मागे मोजायचा. अकराच्या मिस्सात ते साडेअकराच्या सुमारास येतं, म्हणजे साडेदहानंतर चहासुद्धा नको. पाणी आणि औषध चालतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना सूट आहे. हे निघतानाच सांगा, घोटीनंतर कोणी ऐकत नाही.

नाशिकमध्ये द्वारकेवरून पुणे रोड धरायचा. उपनगर सोडलं की नेहरूनगर. ट्रेनने येणाऱ्यांनी नाशिकरोड स्टेशनवरून रिक्षा करावी, शहरात उतरू नये.

बसमध्ये माहिती सांगायची तर द्वारकेच्या आधी, पाच मिनिटं पुरे. बाळ येशूची मूळ मूर्ती प्रागच्या कार्मेल मठाच्या चर्चमध्ये आहे. लाकडावर मेण चढवलेली, जेमतेम 47 सेंटिमीटर उंच. 1628 मध्ये पोलिक्सेना या सरदारघराण्यातल्या बाईने ती मठाला दिली. तिथे उपासनेच्या काळानुसार मूर्तीचा पोशाख बदलतात, ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा. मुलांना हेच आवडतं.

पोहोचल्यावर क्रम असा: आधी स्वच्छतागृह, मग मिस्साचे हेतू (कोणासाठी, कशासाठी प्रार्थना हवी ते) कार्यालयात लिहून देणं, मग प्रायश्चित्त (फादरांकडे पापांची कबुली). हेतू घरूनच चिठ्ठीवर लिहून आणले तर रांग अडत नाही. मिस्सा सुरू झाल्यावर प्रायश्चित्तासाठी फादर मिळतीलच असं नाही. मेणबत्त्या नेमून दिलेल्या जागीच लावा. सोबत कॅथलिक नसलेले मित्र असतील तर कोम्युनिओच्या वेळी त्यांनी जागेवरच बसावं, हे आधी हळूच सांगून ठेवा.

जेवणानंतर पांडवलेणीचा हट्ट होतोच. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघेवाल्यांना खाली चहावर बसवा. 2027 च्या सिंहस्थात अमृतस्नानाच्या तारखांना यात्रा ठेवूच नका, रस्ते वळवलेले असतात.

परतीला साडेतीनला बस हलली पाहिजे. रविवारी संध्याकाळी भिवंडीजवळची कोंडी पहाटेपेक्षा कितीतरी वाईट. द्राक्षाच्या पेट्या डिकीत ठेवा, सीटखाली नको.