ऑर्डर कॅन्सल झाली की आधी काय बघायचं: दुकान सांभाळून ऑनलाईन विकणाऱ्यांसाठी

ऑनलाईन माल विकायचा म्हणलं की ऑर्डरी कॅन्सल होणारच, त्याला इलाज नाही. पण आपल्या लातूर-नांदेड साईडचे नवीन सेलर कॅन्सल दिसली की एकतर डोकं धरून बसायलेत नाहीतर पॅनलमध्ये (साईटवरचं सेलरचं पान) जे बटन दिसंल ते दाबून मोकळे व्हायलेत. तसं करू नका. कॅन्सल कोणी केली आणि कधी केली एवढं आधी बघा, का केली हे नंतर. गिऱ्हाईकानं पार्सल निघायच्या आधी कॅन्सल केली तर तुमचं जवळपास काहीच जात नाही, तुम्ही स्वतः केली तर अकाउंटला मार बसतोय, आणि पार्सल रस्त्याला लागल्यावर झाली तर जाण्यायेण्याच्या भानगडीत महिनाभर माल अडकून पडतोय.

गिऱ्हाईकाची कॅन्सल सगळ्यात सोपी. रिक्वेस्ट आली की लगेच मान्य करा, का कशाला विचारत बसू नका, रात्री अकराला मागवून सकाळी बायकोनं नको म्हणलं म्हणून कॅन्सल करणारे लई असतेत आणि त्यांना समजावून काही हाती लागत नाही. अमेझॉनवर गिऱ्हाईकानं त्यांच्याच कॅन्सलच्या बटनावरून रिक्वेस्ट टाकली असंल तर ती तुमच्या खात्यात धरली जात नाही, मात्र नुसता मेसेज टाकून 'नको' म्हणला असंल तर त्याला म्हणा ऑर्डरमध्ये जाऊन तिथूनच रिक्वेस्ट टाका. एवढं झालं की स्टॉकमध्ये तो नग परत धरलाय का ते बघा, कधी आपोआप वाढतंय कधी नाही.

इथंच एक काम लई जण विसरतेत. सकाळी लेबल प्रिंट झालं, बिल आत टाकलं, पिशवी चिकटवली, पार्सल थप्पीत गेलं, आणि दुपारी गिऱ्हाईकानं कॅन्सल केलं. चारला कुरिअरचा पोरगा आला की तो थप्पी तशीच उचलतोय. मग ते कॅन्सल झालेलं पार्सल फिरत राहतंय, पैसे यायचा प्रश्नच नाही आणि माल कुठंय ते पॅनलवरही नीट दिसत नाही. म्हणून पोरगा दारात आल्यावर पुन्हा एकदा पॅनल रिफ्रेश करायचं, कॅन्सलचा टॅब उघडायचा, त्यातला नंबर थप्पीत शोधायचा आणि त्याचं लेबल तिथंच फाडून टाकायचं, नुसतं बाजूला ठेवलं तर उद्या कुणीतरी परत थप्पीत घालतंय. बाकीची पार्सलं तुमच्या डोळ्यासमोर स्कॅन करून घ्या आणि मॅनिफेस्टवर (दिलेल्या पार्सलांच्या यादीवर) सही घ्या, स्कॅन झाल्याशिवाय पार्सल गेलं असं धरायचं नाही.

आता आपण स्वतः करतो ती कॅन्सल, खरा लोचा इथंय. अमेझॉनवर माल स्वतः पाठवणाऱ्या सेलरसाठी नियम असाय की सात दिवसातल्या ऑर्डरींपैकी सेलरनं कॅन्सल केलेल्या २.५ टक्क्याच्या आत पाहिजेत. ऐकायला बारीक वाटतंय पण हिशोब करा, आठवड्याला ४० ऑर्डरी असतील तर एक कॅन्सल केली की काठावर, दुसरी केली की सरळ ५ टक्के. मोठ्या सेलरच्या हजारात पाचदहा खपून जातेत, आपल्याला एक जड जातीय. उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी ४ टक्क्याच्या आत, हाही नियम सोबत आहेच. फ्लिपकार्ट, मीशोचे आकडे वेगळे आणि ते बदलत असतेत, आपापल्या पॅनलमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर महिन्यातून एकदा तरी बघत जा.

आणि सेलरला कॅन्सल करावी लागतीय ती बहुतेक वेळा एकाच कारणानं, दुकान आणि ऑनलाईन दोन्हीचा माल एकाच रॅकमध्ये. समजा लातूरच्या गंजगोलाईत तुमचं चादरी-टॉवेलचं दुकानंय. सोलापुरी डबलबेड चादर, मरून रंग, शेवटचा नग. बाई आल्या, हात लावून बघितलं, हीच द्या म्हणल्या, काउंटरवरच्या पोरानं दिली, पैसे गल्ल्यात. मोबाईलवर मात्र तीच चादर अजून '१ शिल्लक' दिसायली आणि संध्याकाळी तिकडं विदर्भातून कुणीतरी मागवली. पोराची काही चूक नाही, त्याला काय माहीत. यावर सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी साधा उपाय करा. ऑनलाईनचा माल वेगळ्या कपाटात आणि त्या कपाटाला काउंटरवाल्यानं हात लावायचा नाही. जागा नसंल तर मग ऑनलाईन स्टॉक खऱ्यापेक्षा दोन नगानं कमी दाखवा, आणि दोनतीनच नग राहिलेत असा माल सरळ ऑनलाईनवरून काढून दुकानात विका. थोडा धंदा जाईल, जाऊ द्या. एकच माल दोनतीन साईटवर लावला असंल तर ही गोष्ट अजूनच कडक पाळायची, कारण तिथं तुमच्याच दोन ऑर्डरी एका नगासाठी भांडतेत.

तरी संपलाच माल तर लगेच कॅन्सल दाबू नका. आधी शेजारच्या दुकानात विचारा, होलसेलवाल्याला फोन लावा, सोलापूर काय लांब नाही, सकाळच्या गाडीनं नग येतोय. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी माझ्या मते पाठवलेलं परवडतंय. फक्त मरून नाही म्हणून लाल पाठवायची आयडिया करू नका, ती परत येणार आणि वर रिव्ह्यूत फोटो पडणार. कुठंच नाही मिळाला तर मग करा कॅन्सल, पण त्याच दिवशी, आणि कारण खरं टाका, स्टॉक नाही. 'गिऱ्हाईकानं सांगितलं' हे खोटं कारण टाकणारे, किंवा गिऱ्हाईकालाच गळ घालून 'तुम्हीच कॅन्सल करा की' म्हणणारे भेटतेत, दोन्ही नियमाच्या बाहेरंय आणि गिऱ्हाईकानं तक्रार टाकली की दोनचार कॅन्सलपेक्षा जास्त महागात जातंय. मेसेज छोटा ठेवा:

'नमस्कार, तुम्ही मागवलेली मरून चादर आमच्याकडे संपली आहे, चूक आमची आहे. ऑर्डर आजच कॅन्सल करत आहोत, पैसे भरले असतील तर ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत मिळतील. तसदीबद्दल माफ करा.'

बस. त्यात आपला फोन नंबर, दुकानाची लिंक, 'डायरेक्ट घ्या स्वस्तात देतो' असलं काही घालायचं नाही.

किंमत चुकून ९९९ च्या जागी ९९ पडली तर आधी लिस्टिंग बंद करा, मग आलेल्या ऑर्डरी मोजा. तीनचार असतील तर तोटा सोसून पाठवायच्या का कॅन्सल करायच्या ते आपल्या टक्क्यावर बघून ठरवा, तीस आल्या तर सपोर्टला लिहून कळवूनच पुढचं करा. अमेझॉनवर प्रत्येक मालाला कमीत कमी किंमत लावून ठेवता येते, ती लावली की ही वेळच येत नाही.

अजून एक कॅन्सल असतीय ती कोणीच करत नाही, ती आपोआप होते, वेळेत डिस्पॅच झालं नाही म्हणून. आपल्याकडं याची कारणं ठरलेली: लाईट नाही म्हणून प्रिंटर बंद, पावसात पिकअपची गाडी आलीच नाही, नाहीतर सण. येळवशीला (वेळ अमावस्येला) अख्खं लातूर-धाराशिव शेतात असतंय, भज्जी-आंबील सोडून त्या दिवशी पॅकिंगला कोण थांबणार? पण कंपनीच्या कॅलेंडरला येळवस माहीत नसतीय. महालक्ष्म्या, पोळा, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, सगळ्याचं तसंच. दोन दिवस आधीच सुट्टीची सेटिंग लावा, नाही तर पाठवायची मुदत एका दिवसाची दोन करा. पिकअपवाला आला नाही तर त्याच संध्याकाळी पॅनलमध्ये तक्रारीचं तिकीट टाका, स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर पोरगा म्हणला 'उद्या येतो भाऊ' तर त्याला पुरावा म्हणून कुणी धरत नाही.

पार्सल निघाल्यावर कॅन्सल झाली किंवा कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यानं दारातनं परत पाठवली तर आरटीओ, म्हणजे माल फिरून तुमच्याकडं. मधेच कुरिअरवाल्याला फोन करून अडवायच्या नादी लागू नका. परत आल्यावर मात्र डोळे उघडे ठेवा. पिशवी हातात घेतली की मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ चालू, आधी सहाही बाजू, मग लेबल वाचता येईल असं जवळून, मग न थांबता कापून आतला माल उघडून दाखवायचा, घडी उलगडून दोन्ही टोकं. व्हिडिओ मधे तोडला तर क्लेम मान्य व्हायची आशा कमी. नव्या चादरीच्या जागी जुनं फडकं निघालं तर त्याच दिवशी क्लेम टाका, मुदत असतीय. पिशवी आधीच फाटलेली असंल तर घेतानाच तसं लिहून घ्या.

कॅन्सलवर गिऱ्हाईकाकडनं दंड घ्यावा असं पुष्कळांना वाटतंय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत साईटवाल्यांनाच घातलेली अट अशी की, गिऱ्हाईकाकडनं कॅन्सलचा चार्ज घ्यायचा तर स्वतः कॅन्सल केल्यावर तसाच चार्ज स्वतःही सोसायचा. त्याच नियमांत सेलरलाही सांगितलंय, माल खराब निघाला किंवा सांगितलेल्या तारखेच्या नंतर पोचला तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, उशीर अगदी आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला असंल तेवढं सोडून.

सीएकडं जायच्या आधी एवढं करा. बिल फाटल्यावर ऑर्डर कॅन्सल झाली तर ते बिल फाडून फेकायचं नसतंय, त्यावर क्रेडिट नोट (त्या बिलाची रक्कम कमी झाल्याचा कागद) काढायची, आणि ती जीएसटीत दाखवायची शेवटची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातली ३० नोव्हेंबर. साईटवाले जो जीएसटीचा टीसीएस (तुमच्या पैशातून आधीच कापलेला कर) कापतेत तो जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे आणि तो परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवर. म्हणजे महिन्यात लाखाचा माल गेला आणि वीस हजाराचा फिरून आला तर कपात ८० हजारावर, ४०० रुपये. रिपोर्ट डाऊनलोड करून हे महिन्याला जुळवा, मार्चमध्ये एकदम बसलात तर कुठली कॅन्सल कुठल्या बिलाची काही लागत नाही.

अजून एक, 'तुमची ऑर्डर कॅन्सल झाली, पेमेंट अडकलंय, हा क्यूआर स्कॅन करा' असा कंपनीच्या नावानं फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नसतोय. टाकलाच असंल कुणी तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, मग बँकेला.