नाकाआधी हनुवटी बघा

प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत मी सिस्टर आहे, पेशंटचे फोटो मीच काढते. नाकाच्या ऑपरेशनसाठी आलेली मुलंमुली आधी सेल्फी पुढे करतात. तो ठेवून द्या. फोन फूटभरावर धरला की नाक, पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. घरातल्या कुणाला तरी पाच फुटांवर उभं करा आणि झूम करून फोटो काढायला सांगा: समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरका आणि मान वर करून. केस कानामागे घ्या. एक फोटो हसतानाचा हवाच, कारण हसताना अनेकांच्या नाकाचं टोक खाली ओढलं जातं.

आता बाजूच्या फोटोत हनुवटी बघा. खालच्या ओठापासून सरळ खाली रेघ ओढा. हनुवटी रेघेच्या बरीच मागे असेल तर साधं नाकही पुढे आलेलं वाटतं. अशा वेळी नुसतं नाक लहान करून समाधान होत नाही. हनुवटी थोडी पुढे आणली तर नाकाला कमी हात लावावा लागतो. हा विषय डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः काढा. नाकपुड्यांची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी असावी, असं पुस्तकी माप आहे. पण त्यापेक्षा रुंद नाकाचे किती देखणे चेहरे आपल्या घरांत आहेत! मापासाठी नाक कापून घेऊ नका.

मग श्वास तपासा. नाकाशेजारचा गाल बोटाने हलकेच बाहेर ओढा. श्वास एकदम मोकळा झाला तर आतली वाट अरुंद असू शकते. हे सांगितलंच पाहिजे, कारण नाक जास्त कोरलं तर ती आणखी आवळते. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर तो बहुधा त्याच ऑपरेशनमध्ये सरळ करता येतो.

नटीचा फोटो नेण्यापेक्षा खुपतं ते एका वाक्यात सांगा: "बाजूने उंचवटा दिसतो." नाकाला आधार द्यायला कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक हाड, कुठून घेणार, पडद्यातून, कानातून की बरगडीतून, हेही विचारा.

घरचे "परदेशी खूळ" म्हणाले, तर त्यांना कावसजी गाडीवानाची गोष्ट सांगा. पुण्यात कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं, ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिथले सर्जन त्यावरून शिकले.

लग्नाची तारीख जवळ असेल तर ऑपरेशन लग्नानंतरच करा. स्प्लिंट, म्हणजे नाकावर बसवलेला कडक आधार, साधारण आठवड्यात निघतो, पण टोकाची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं. चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नसतो, त्याची सोय आधीच विचारून ठेवा.