एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी मधेच का गळतात? पर्यवेक्षकांनो, या चुका टाळा

एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) विद्यार्थी परीक्षेआधी फील्डवर्कमध्येच, म्हणजे संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामातच, गळायला लागतो. आठवड्यातले दोन दिवस फील्ड, त्याचं लेखी रेकॉर्डिंग, शिवाय तास. दोन-तीन रिपोर्ट थकले की तो पर्यवेक्षकाला चुकवतो, मग आयसी (पर्यवेक्षकासोबतची वैयक्तिक चर्चा) बुडते, मग हजेरी. ७५ टक्क्यांचा हिशेब सत्र संपताना मांडून काय उपयोग? दर पंधरवड्याला दोनच गोष्टी बघा: किती रिपोर्ट थकले, किती आयसी बुडाल्या.

थकलेले सगळे रिपोर्ट एकदम मागणे
सात भेटी आठवून लिहायला बसलं की सातही रिपोर्ट एकाच साच्यातले निघतात. जुन्या प्रत्येक भेटीची अर्ध्या पानाची नोंद पुरे: तारीख, कोण भेटलं, पुढे काय ठरलं. या आठवड्याचा रिपोर्ट मात्र पूर्ण, आणि दोन दिवसांच्या आत.

‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ एवढाच शेरा
‘महिलेला समुपदेशन केले.’ हे वाक्य निम्म्या वह्यांत सापडतं. त्याखाली लिहा: त्या नेमकं काय म्हणाल्या? त्यावर तुम्ही काय बोललात? मग त्या गप्प झाल्या, चिडल्या, की विषय बदलला? पुढच्या रिपोर्टात संवाद यायला लागतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिला खर्डा मराठीतच लिहू द्या. इंग्रजी वाक्य जुळवताना घडलेलं निम्मं निसटतं.

नकाशा न बघता संस्था देणे
खोली हडपसरला, संस्था निगडीला आणि संध्याकाळी सहाला दुकानातली नोकरी. हे गणित पुण्यात पीएमपीच्या बसच्या भरवशावर जमत नाही. नेमणुकीच्या फॉर्मवर राहण्याचं ठिकाण आणि नोकरीची वेळ असे दोन रकाने वाढवा.

शिष्यवृत्ती ‘कारकुनी काम’ समजणे
महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कधी कधी कॉलेजच्याच लॉगिनवर पडून असतो. आधी तिथे बघा. अर्ज मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, तर खात्याचं आधार सीडिंग, म्हणजे खातं आधारशी जोडलंय का, हे तपासायला सांगा. बँकेने आधारची झेरॉक्स घेतली म्हणजे एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) त्या खात्याचं मॅपिंग झालंच असं नाही.

जड प्रसंगानंतर आधी रिपोर्ट मागणे
रुग्णालयात किंवा येरवडा तुरुंगात नेमलेल्यांवर अशी वेळ लवकर येते. ओळखीचा रुग्ण गेला, तर त्याच दिवशी वीस मिनिटं समोर बसवा. वही त्या दिवशी बंदच राहू द्या.